अर्ज आणि सोबत

दरवर्षी 10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला, की महाविद्यालयांच्या भिंतींवर, बँकांच्या दर्शनी भागात आणि आता तर एसटी स्थानकांच्या खांबांवरही जे वाक्य हमखास चिकटवलेले दिसते, ज्याच्या शेजारी गुडघ्यांत मान घालून बसलेल्या माणसाचे चित्र असतेच असते, आणि जे वाचून निरोगी माणसाला आपण समाजाचे काही देणे फेडल्याचे समाधान लाभते, ते वाक्य म्हणजे ‘मदत मागायला लाजू नका’. गेल्या वर्षी अशाच एका समारंभात श्रोता म्हणून बसण्याचा योग आला. वक्ते विद्वान होते आणि कळकळीने बोलत होते. परंतु तासाभराच्या भाषणाचे सार काढू गेल्यास ते इतकेच निघाले असते, की नैराश्य आणि चिंता हे विकार लपवल्याने वाढतात, बोलल्याने ओसरतात, सबब रुग्णाने तोंड उघडावे, म्हणजे निम्मे काम झाले. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा विद्यार्थी मात्र टाळी न वाजवता हातातल्या पत्रकाची घडी घालीत होता, उलगडीत होता, पुन्हा घालीत होता. त्याला काही विचारावे असे मनात आले आणि मी विचारले नाही.

या विषयावर इतर मतेही प्रचलित आहेत. पूर्वी असले आजार नव्हते असे म्हणणाऱ्यांनी गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव एकदा वाचावे. योगासने आणि पहाटेचे फिरणे यांनी सर्व काही निवते असे मानणाऱ्यांनी, ज्याला अंथरुणातून उठणे हाच दिवसाचा पराक्रम वाटतो त्याला पहाटे पाचला उठवून दाखवावे. सारा मामला मेंदूतील रसायनांचा आहे हे म्हणणे, सारे गाणे तारांच्या कंपनाचे आहे असे म्हणण्याइतकेच खरे आणि तितकेच निरुपयोगी. कर्ज, नापिकी आणि बेकारी हटवा म्हणजे नैराश्य हटेल, या मतात तथ्य पुष्कळ आहे. परंतु ज्याला आज रात्री झोप येणार नाही, त्याच्यासाठी त्या मतापाशी काहीच नाही. ही सर्व मते मी बाजूस ठेवतो. माझा तंटा आहे तो ‘बोला आणि मोकळे व्हा’ या सिद्धांताशी, कारण तो सज्जनांच्या तोंडी आहे, सरकारी जाहिरातींत आहे, आणि त्याला हरकत घेणारा मनुष्य हृदयशून्य ठरतो.

मागणे ही क्रिया दिसते तितकी साधी नाही. मागणे म्हणजे अर्ज करणे. आणि अर्ज करावयाचा तर आपली तक्रार दखल घेण्याजोगी आहे असा विश्वास, कचेरीत ती ऐकणारा कोणी बसला आहे अशी आशा, आणि कागद घेऊन तेथवर जाण्याचे बळ, एवढे भांडवल तरी अर्जदाराच्या गाठीस असावे लागते. नैराश्याचा घाला नेमका या भांडवलावर असतो. वैद्यक ज्या लक्षणांवरून हा आजार ओळखते, त्यांत कशातही रस न वाटणे आहे, थकवा आहे, साधा निर्णयही न घेता येणे आहे, आणि आपण निरुपयोगी, किंबहुना अपराधी आहोत ही भावना आहे. म्हणजे फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश अशा तिन्ही जागी एकच माणूस बसलेला असून, न्यायाधीशाने फिर्याद न वाचताच खारीज करावी आणि फिर्यादीनेही तो निकाल रास्त म्हणून मान्य करावा, अशी त्याची अवस्था असते. चिंतेचा विकार जडलेल्याची तऱ्हा निराळी. त्याला फिर्याद करावयाची असते, दिवसातून दहा वेळा करावयाची असते. परंतु फोनवर अनोळखी आवाजाला नाव सांगणे, रांगेत उभे राहणे, चार माणसांदेखत दार लोटून आत जाणे, या ज्या पायऱ्या मदतीची वाट म्हणून त्याला दाखवल्या जातात, त्याच त्याच्या भयाच्या जागा असतात. अशा माणसास ‘तू फक्त माग’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला हाडवैद्याकडे धावत जाण्यास सांगणे होय.

यावर उत्तर ठरलेले असते: लोक लाजेपोटी गप्प राहतात, लाज काढा म्हणजे ते बोलतील. लाज आहे, हे मी नाकारीत नाही. लग्नाच्या बाजारात ती किती महाग पडते हे कोणत्याही उपवर मुलीच्या बापाला ठाऊक आहे. परंतु लोक गप्प आहेत, हे मला मान्य नाही. कोणत्याही फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात सकाळचे दोन तास बाकावर बसून पाहावे. छातीत धडधडते, डोके जड पडते, पोटात गोळा येतो, हातापायांची आग होते, जीव घाबरा होतो, अन्नाची चव गेली; हे सारे कोण बोलत असते? त्या माणसाचा ईसीजी निघतो, रक्त तपासले जाते, आणि मग रिपोर्ट टेबलावर सरकवून ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ असा फैसला ऐकवला जातो. फार तर ताकदीची एक बाटली किंवा सलाइन. तेथून तो कधी अंगाऱ्याकडे, कधी गंड्याकडे वळतो. तो बोलला आहे, एकदा नव्हे, अनेकदा बोलला आहे; त्याचा अर्ज भलत्या खात्यात पडून राहिला, एवढेच. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015–16 साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत (या बारांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता नोंदवतो) नैराश्याच्या सुमारे 85 टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. हा आकडा प्रत्येक व्यासपीठावरून लोकांच्या अज्ञानाचा दाखला म्हणून वाचला जातो. उपचार न मिळणे आणि उपचार न मागणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे त्या पाहणीने कोठे सांगितले?

माझा एक आतेभाऊ आहे, माझ्याहून पाच वर्षांनी वडील. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. आयुष्यभर एका पतपेढीत हिशेब लिहिलेला, बोलका, गणपतीच्या आरत्या सर्वांच्या वर आवाज काढून म्हणणारा हा गृहस्थ तीन वर्षांपूर्वी हळूहळू आटत गेला. वहिनींचा फोन आला, ‘‘भाऊजी, तुम्ही एकदा येऊन जा. हे जेवत नाहीत, झोपत नाहीत, डॉक्टर म्हणतात काहीच नाही.’’ मी गेलो तेव्हा वहिनींनी स्वयंपाकघरात बोलावून डब्याखाली जपून ठेवलेला एक कागद दाखवला. सदरा धुवायला घेताना खिशात सापडलेला, चार घड्यांचा, सरकारी रुग्णालयाचा केसपेपर होता तो. वर अण्णाचे नाव, वय, तारीख, शिक्का आणि खोलीचा क्रमांक. त्याखाली सगळी जागा कोरी. अण्णा तेथे दोनदा गेला होता. पहिल्यांदा मानसोपचाराची पाटी वाचून फाटकातूनच परतला आणि ‘डॉक्टर रजेवर होते’ असे घरी सांगितले; दुसऱ्यांदा केसपेपर काढून बाकावर बसला, आणि पुढे दोनच माणसे उरली असता उठून आला. लाजला म्हणावे, तर तो स्वतः चालत गेला होता, रांगेत उभा राहिला होता, खिडकीत नाव सांगितले होते. मागण्याचा सगळा विधी त्याने पार पाडला होता. पुढे मीच एकदा त्याला विचारले, तेव्हा म्हणाला, ‘‘माझ्या मागे खरी आजारी माणसं बसली होती रे. मी उगाच जागा अडवून बसलोय असं वाटलं.’’

तिसऱ्या खेपेस मी बरोबर गेलो. खिडकीतल्या कारकुनाने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे का?’ म्हणून विचारले; त्याबद्दल लेखी तक्रार करायची मी तेथेच ठरवले, आणि घरी आल्यावर केली नाही. अण्णाचा हात खांद्यावरच्या पिशवीकडे गेला; निघण्याची ती खूण होती. केसपेपर मात्र माझ्या हातात होता, आणि तेवढ्याने तो थांबला. दाराशी बसलेल्या सिस्टरने नेहमीच्या शिरस्त्याने विचारले, ‘‘सोबत कोण आहे?’’ या लेखातला सगळा विचार मी त्या तीन शब्दांवरून उचलला आहे.

मराठीत सल्ला देतात, धीर देतात, दिलासा देतात, आधार देतात; सोबत मात्र करतात. (हल्ली ‘सोबत देणे’ही कानी पडते, पण ते ‘साथ देण्या’च्या वळणाने आलेले असावे.) देण्याच्या क्रियेत एक उंच आणि एक सखल असा भेद उरतोच: देणारा वर, घेणारा खाली, आणि देऊन झाले की देणारा मोकळा. ‘आधार’ हा आज फार प्रतिष्ठा पावलेला शब्द घ्या. त्यात खांब आणि वेल आहे, आणि खांबाला कोठे जावयाचे नसते. सोबत करणाऱ्याला जावे लागते. रात्री ओढ्यापलीकडच्या वाडीवर निघालेल्याची जो सोबत करतो, त्याला वाट अधिक ठाऊक असते असे नाही. तोही त्याच एका कंदिलाच्या उजेडात तेवढेच पाहतो, फक्त अंधार दोघांत वाटला जातो. पुढे हेही सांगितले पाहिजे, की सोबत आणि पहारा यांत आपल्या घरांतून फार गल्लत होते. गोळ्या मोजणे, जेवणाचे घास मोजणे, ‘आज हसलास का?’ म्हणून दर संध्याकाळी हजेरी घेणे हा पहारा; त्यात रुग्णाचा आरोपीच होतो, आणि आरोपी तर तो आपल्या लेखी आधीपासूनच असतो. सोबत करणाऱ्याला उपदेशाचाही अधिकार नाही. ‘विचार करू नकोस’ हे जगातले सर्वांत स्वस्त औषध आहे आणि मी ते स्वतः अण्णाला, पहिल्या आठवड्यात, दिलेले आहे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, की गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, सुरुवातीस मळमळेल, आणि बरे वाटले तरी मनाने बंद करू नका. या वाक्यातला पहिला भाग माणसे एकटी ओलांडू शकत नाहीत. त्रास आज, गुण पुढच्या महिन्यात. ज्याचा पुढच्या महिन्यावर विश्वासच उरलेला नाही त्याने ही हुंडी कोणाच्या जामिनावर स्वीकारावी? सातव्या आठवड्यात एके दिवशी चहाचा पेला खाली ठेवून अण्णा म्हणाला, ‘‘साखर कमी आहे.’’ वहिनी काही न बोलता उठल्या आणि डबा घेऊन आल्या.

एका घरच्या अनुभवावर सिद्धांत उभारू नये, हे मला मान्य आहे. म्हणून अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाकडे बोट दाखवतो. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्के होते, ते अठरा महिन्यांत 27.2 टक्क्यांवर गेले. लोकांशी बैठका घेऊन आजाराची माहिती देणे हा त्या कामाचा भाग होताच, तेव्हा माझे प्रतिपक्षी हे श्रेय जागृतीला देतील, आणि काही अंशी ते देणे भागच आहे; पण ती जागृती भिंतीवर चिकटवून कोणी निघून गेले नव्हते. गावातलीच प्रशिक्षित माणसे लोकांपर्यंत जात होती, पुन्हा जात होती, आणि गरज पडेल तेथे डॉक्टरांपर्यंत पोचवीत होती. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून झालेल्या चाचणीत, मानसशास्त्राची कोणतीही पदवी नसलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातील 64 टक्के आजारातून बाहेर आलेले होते, आणि ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यातील 39 टक्के. त्या बैठकांचा मुख्य भर मन मोकळे करण्यावर नव्हता. सुटलेली लहानसहान कामे, एखाद्याची भेट, एखादी फेरी, पुन्हा हाती धरण्यावर होता.

कायद्यानेही आपला शब्दसंग्रह बदलला आहे. 1912 च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटचा हुकूम होता. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात त्या जागी हक्क आला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरण्याची उदार तरतूदही आली. हे मोठेच स्थित्यंतर आहे. तरीही हक्क म्हटला की तो बजावणारा लागतो, म्हणजे पुन्हा अर्जदार आलाच. त्याच अधिनियमाच्या 14 व्या कलमात मात्र आपला प्रतिनिधी आगाऊ नेमून ठेवण्याची मुभा प्रत्येक प्रौढ माणसाला दिली आहे. माझ्या मते त्या संपूर्ण दस्तऐवजातील सर्वांत शहाणे कलम ते हेच, कारण माणूस मागू शकणार नाही असा दिवस येतो, हे तेथे गृहीत धरले आहे. व्याख्यानांतून त्याचा उल्लेख मी अद्याप ऐकलेला नाही.

सोबत म्हणजे उपचार नव्हे, हे स्पष्ट करून ठेवतो. जो जीव देण्याची भाषा करतो, त्याच्याशी तत्त्वचर्चा करीत न बसता त्याला त्याच दिवशी डॉक्टरांपुढे हजर केले पाहिजे, आणि तोवर क्षणभरही एकटे ठेवता कामा नये. आणि ज्याला आतेभाऊ नाही, वहिनी नाही, जो परक्या शहरात खोली घेऊन राहतो, त्याच्या सोबतीचा बंदोबस्त कोणी करावा, हा प्रश्न माझ्या विवेचनाने सुटत नाही. आशा कार्यकर्तीच्या पिशवीत आणखी एक रजिस्टर टाकून तो सुटेल असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी तिचा मोबदला वेळेवर द्यावा.

उरले आपण, ज्यांच्या ओळखीत असा एखादा माणूस आज आहे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा 2022 च्या 10 ऑक्टोबरपासून 14416 या क्रमांकावर अहोरात्र चालू आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि घरच्या माणसांचेही ऐकून घेतात. हा क्रमांक त्याला पाठवून मोकळे होऊ नका. त्याच्याशेजारी बसून तुम्ही लावा. आणि ‘डॉक्टरांना दाखवून ये’ असे त्याला सांगण्यापेक्षा विचारा, मंगळवारी किती वाजता निघायचे.