मागचे स्क्रू

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जेवढी यंत्रं हाताखालून गेली, त्यांत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो कॅसिओच्या ९९१ कॅल्क्युलेटरबद्दल. वर छोटी सौरपट्टी, आत एक बटन सेल, मागे बारीक स्क्रू. तो अपडेट मागत नाही, लॉगिन मागत नाही आणि बाजारात नवं मॉडेल आलं म्हणून हळू चालत नाही. फर्स्ट इयरला घेतलेला कॅल्क्युलेटर शेवटच्या सेमिस्टरच्या पेपरलाही बेंचवर असतो आणि पास झाल्यावर बहुतेक वेळा ज्युनिअरकडे जातो. ड्राफ्टर, वर्कशॉपचा अॅप्रन आणि कॅल्क्युलेटर या तीन गोष्टी आमच्याकडे अशाच पिढ्यान् पिढ्या फिरतात. माझा मला एका सीनिअर ताईकडून मिळाला होता. आता तो सेकंड इयरच्या एका मुलाकडे आहे.

फोन मात्र असा कुणी कुणाला देत नाही. चार वर्षांचा फोन म्हणजे दुपारपर्यंत संपणारी बॅटरी आणि बंद पडलेले अपडेट. खरं तर दोन्ही वस्तूंत चिप आहे, प्लास्टिक आहे, सेल आहे. फोन कितीतरी गुंतागुंतीचा आहे हे मान्यच, पण त्याचं आयुष्य या गुंतागुंतीमुळे तोकडं होत नाही. त्याचा सर्वांत आधी थकणारा भाग, म्हणजे बॅटरी, सर्वांत साधा आहे आणि नेमका तोच मालकाच्या हाताला लागू नये अशी बांधणी केलेली असते. पास होऊन बाहेर पडल्यावर माझं सर्वांत पक्कं झालेलं मत हेच आहे: वस्तू विकत घेणाऱ्याला ती उघडता आली पाहिजे आणि इंजिनिअर होणाऱ्याला ती उघडायला शिकवली पाहिजे.

आमचा अभ्यासक्रम जुना आहे, ही तक्रार प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येते. उदाहरण म्हणून ८०५१ हमखास पुढे केला जातो. इंटेलने हा मायक्रोकंट्रोलर १९८० मध्ये आणला आणि आजही कितीतरी ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सची मुलं त्यावरच हात बसवतात. मला ही तक्रार पटत नाही. ८०५१ ला ४० पाय आहेत, आत ४ केबी रॉम आणि १२८ बाईटची रॅम. १२८ बाईट म्हणजे वहीच्या एका पानावर चौकटी आखून प्रत्येक घरात काय आहे ते लिहिता येतं. खिशातल्या ८ जीबी रॅमच्या फोनबद्दल असं जगातला कोणताही माणूस करू शकणार नाही. एक अख्खा संगणक, छोटा का होईना, पूर्णपणे डोक्यात मावण्याचा अनुभव मला याच चिपने दिला.

८०५१ चा क्रिस्टल सहसा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा असतो. तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलचा ठरलेला प्रश्न: सरळ १२ का नाही, हा विचित्र आकडा कशाला? जर्नलमधून पाठ केलेलं उत्तर देऊन मार्क मिळतात. पण एकदा कागदावर मांडून पाहावं. या आकड्याला १२ ने भागायचं, मग ३२ ने. उरतात बरोबर २८,८००. त्याला ३ ने भागलं की येतात ९,६००, म्हणजे संगणकाशी बोलण्याचा ठरलेला वेग, एकही दशांश न उरता. १२ मेगाहर्ट्झ घेतला तर जवळात जवळचा वेग १०,४१६ च्या आसपास येतो आणि समोरच्या पडद्यावर निरर्थक अक्षरं उमटतात. कुणीतरी विचार करून निवडलेला तो आकडा आहे. वस्तूच्या आत असे शेकडो निर्णय असतात आणि प्रत्येकाला कारण असतं, हे त्या भागाकाराने मला कळलं. तेव्हापासून बंद डबा दिसला की मला चैन पडत नाही.

कॅम्पसवर खरी उणीव दुसरीच आहे. प्रॅक्टिकलला चार जणांच्या बॅचमध्ये एक जण जोडण्या करतो, एक रीडिंग घेतो आणि बाकीचे दोघं फोटो काढतात. रात्री तो फोटो ग्रुपवर जातो आणि सबमिशनच्या आठवड्यात सगळ्या जर्नलांत दशांशापर्यंत सारखी रीडिंग येतात. सिम्युलेशनवर सर्किट पहिल्या झटक्यात चालतं, कारण तिथे वायर सैल नसते, ब्रेडबोर्डचं छिद्र झिजलेलं नसतं, आयसी उलटा बसत नाही. खऱ्या टेबलावर हे सगळं होतं. तीन तास मल्टिमीटर लावत बसून शेवटी ग्राउंडच जोडलेलं नव्हतं हे सापडणं, याला माझ्या लेखी एका सेमिस्टरइतकी किंमत आहे. रोबोकॉन किंवा बाहासारख्या स्पर्धांच्या टीममध्ये राबणारी मुलं वेगळी उठून दिसतात ती यामुळेच. वर्कशॉपमध्ये रात्री काढून त्यांनी मोडकी गोष्ट स्वतः दुरुस्त केलेली असते. पण अशा टीमा मोजक्या मुलांच्या वाट्याला येतात. ज्याला घरून येऊन-जाऊन शिकायचंय, ज्याला संध्याकाळी पाचची लोकल पकडायची आहे, त्याने हे कुठे शिकायचं?

याचं उत्तर मला कॉलेजात मिळालं नाही. ते पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत मिळालं. मुंबईच्या मुलांना लॅमिंग्टन रोड, तशी आम्हाला ही गल्ली. प्रोजेक्टचे रेझिस्टर आणि सेन्सर घ्यायला जायचं आणि जवळपासच्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरपाशी उभं राहून बघायचं. तिथले दादा मेलेला बोर्ड पॉवर सप्लायला लावतात आणि आधी तो किती करंट खातोय ते पाहतात. फोन चालू न करताच करंट चढला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग सोल्डरिंग गनने रोझिन जाळून त्याच्या धुराचा पांढरा थर बोर्डावर बसवतात आणि व्होल्टेज देतात. शॉर्ट झालेला कपॅसिटर तापतो, त्याच्यावरचा थर वितळतो आणि मोहरीपेक्षा लहान तो भाग पांढऱ्यात काळा होऊन समोर येतो. ओहमचा नियम आणि उष्णतेचं गणित यांचा इतका देखणा प्रयोग मी आमच्या लॅबमध्ये पाहिला नाही. या माणसांना आपण ‘मोबाइलवाला’ म्हणून सोडून देतो. मला ते कसलेले निदानकार वाटतात. त्यांच्यातल्या एकाला कॉलेजने दर सेमिस्टरला दोन दिवस मानाने बोलवावं, मानधन द्यावं आणि मुलांना त्याच्याभोवती उभं करावं, असं मला मनापासून वाटतं.

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आजही लोखंडाचा तुकडा घासून फिटिंगचा जॉब करतात, लाकडाचा सांधा करतात. ते राहावंच. हाताला मापाची सवय त्यानेच लागते. पण त्याच टेबलावर प्रत्येकाला एक मेलेला फोन द्यावा. उघडायचा, बोर्ड वेगळा करायचा, बॅटरी सुरक्षितपणे काढायची, पुन्हा बंद करायचा. घरोघरी ड्रॉवरमध्ये असे फोन पडून आहेत, त्यामुळे कच्च्या मालाला एक पैसाही लागणार नाही. लिथियमची बॅटरी वाकवली किंवा टोचली तर पेटू शकते. म्हणून तर ती कशी हाताळायची हे शिकलेल्या माणसाच्या नजरेखाली शिकायला हवं.

बॅटरीबद्दल थोडं जास्तच बोलतो, कारण सगळा प्रश्न तिथे येऊन थांबतो. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रत्येक चार्जिंगबरोबर आत थोडी नको ती रासायनिक क्रिया होते, कामाचं लिथियम थोडं थोडं अडकत जातं. उष्णतेने आणि सतत शंभर टक्के भरून ठेवल्याने हे लवकर होतं. यात कुणाचा दोष नाही, हा पदार्थाचा स्वभाव आहे. स्कूटरचा टायर झिजतो तशीच ही झिजते. मग टायर जसा बदलता येतो तशी ती बदलता आली पाहिजे. नोकियाच्या काळात हे होत होतं. बीएल-५सी नावाची बॅटरी नखाने झाकण काढून बदलता यायची आणि तीच बॅटरी कितीतरी मॉडेल्सना चालायची. आज काचेची पाठ गरम करून, गोंद सोडवून, रिबन केबल जपत आत जावं लागतं. काही कंपन्या तर भागाचा क्रमांक बोर्डाशी बांधून ठेवतात. अस्सल सुटा भाग बसवला तरी पडद्यावर इशारा झळकू शकतो.

कंपन्यांचं म्हणणं मी वाचलंय. गोंदामुळे फोनमध्ये पाणी शिरत नाही, क्रमांक बांधल्यामुळे चोरीचे सुटे भाग विकले जात नाहीत. दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण पुरेसे नाहीत. रबरी गॅस्केट आणि स्क्रू वापरून पाण्यात चालणारी घड्याळं कितीतरी वर्षं बनत आली आहेत. चोरीच्या भागांची विक्री रोखायची असेल तर मालकाच्या संमतीने भाग नोंदवण्याची सोय करता येते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये भाग असे बांधून ठेवण्यावर कायद्याने बंदी आणली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवे नियम लागू झालेत. त्यांनुसार फोनची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडलं. सुरुवात म्हणून ठीक आहे. पण आपल्याकडे दुरुस्ती ही मुळात जगण्याची रीत असताना आपण या बाबतीत सर्वांच्या पुढे असायला हवं होतं.

एक चांगलं घडलं, तेही सांगायला हवं. आम्ही हॉस्टेलवर आलो तेव्हा मजल्यावर तीन तऱ्हेचे चार्जर होते आणि ‘आयफोनचा आहे का रे कुणाकडे?’ ही हाक रोज रात्री पॅसेजमधून जायची. २०२३ मध्ये आयफोनही सी टाइपवर आला आणि युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना हेच पोर्ट सक्तीचं झालं. शेवटच्या वर्षी आमच्या मजल्यावर कुणाचीही वायर कुणालाही चालत होती. मानकांचा विषय वर्गात रुक्ष वाटतो. पण अनोळखी विंगमधल्या मुलाचं दार वाजवून चार्जर मागता येणं आणि त्यातून ओळख होणं, हे एका मानकामुळे झालं. माझे दोन जवळचे मित्र असे मिळालेत. काम अजून अर्धंच आहे. पोर्ट एक झालं, पण वेगवान चार्जिंगची भाषा प्रत्येकाची वेगळी. एका कंपनीचा दणकट चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला की तो कित्येकदा मुकाट कमी वेगावर उतरतो. चार्जर आणि फोन आधी आपसात बोलून व्होल्टेज ठरवतात. ती बोलीही सगळ्यांनी एकच ठेवली पाहिजे.

फोनमुळे कॅम्पस संपला, मुलं एकमेकांशी बोलत नाहीत, असं मोठी माणसं म्हणतात. मी पाहिलेलं तसं नाही. पेपरच्या आदल्या रात्री ज्याला सिग्नल्सचा एखादा चॅप्टर समजलाय, तो मेसच्या टेबलावर बसून बारा जणांना शिकवतो आणि पॅसेजमधला कुणीतरी ते रेकॉर्ड करून घरी असलेल्या मुलींना पाठवतो. ज्याने समजून घेतलं त्याने उघड करून सांगितलं, ही कॅम्पसची सर्वांत चांगली सवय आहे. नोकरीत गेल्यावर ती मोडू नये असं वाटतं.

सध्या प्रवेशाच्या फेऱ्या चालू आहेत. माझ्या मावसभावाला कॉम्प्युटर मिळालंय आणि काकांनी फोन करून विचारलं, ‘कोणता लॅपटॉप घेऊ?’ मी म्हटलं, काका, कंपनीचं नाव मी सांगणार नाही, दुकानात गेल्यावर चार गोष्टी विचारा. मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का? रॅमसाठी रिकामा स्लॉट आहे की ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे? स्टोरेज बदलता येतं का? आणि कंपनी आपल्या साइटवर सर्व्हिस मॅन्युअल देते का? चारही उत्तरं मनासारखी असतील तर आज ८ जीबी घ्या, तिसऱ्या वर्षाला आणखी ८ टाकू, पैसेही वाचतील. पातळ आणि चकचकीत मॉडेल दाखवतील, ते बाजूला ठेवा. वॉरंटी संपली की त्याला एका रविवारी माझ्याकडे पाठवा. पंख्यातली धूळ काढायची असते, थर्मल पेस्ट बदलायची असते. स्क्रूड्रायव्हरचा सेट माझ्याकडे आहे. उघडायचं मात्र त्यानेच, मी शेजारी बसेन.