मुलांचे भांडण आणि वडीलधारी

आपले मूल रडत घरी आले, 'अमक्याने मारले' म्हणाले, तर आईबापांनी काय करावे?

महाभारताच्या आदिपर्वात बाळ भीम कौरवांना पाण्यात बुडवी, ते झाडावर चढले की झाड हलवून खाली पाडी. त्याच्या मनात द्वेष नव्हता. पण वडीलधाऱ्यांनी त्याला आवरल्याचे तेथे दिसत नाही. दुर्योधनाच्या मनात वैर साचले आणि त्याने भीमाला विष घातले. तेव्हा विदुराने कुंतीला मौनच धरावयास सांगितले. बोलल्यास उरलेल्या मुलांवर संकट आले असते. बोलण्याची वेळ टळून गेली होती.

म्हणून आम्हांस वाटते, प्रथम मुलाचे शांतपणे ऐकावे. 'तूही मार' किंवा 'सोस' एवढे सांगून मोकळे होऊ नये. परक्या मुलावर हात न उगारता त्याच्या आईबापांकडे वेळीच जावे. आणि कोणी आपल्याच दारी गाऱ्हाणे घेऊन आले, तर धृतराष्ट्र न होणे, हीच आपली खरी कसोटी होय.