हीलरचे शस्त्र आणि ब्रह्म्याचे मौन

ज्या ऑनलाइन गेममध्ये खेळाडू परस्परांशी न लढता संगणकाने चालवलेल्या शत्रूशी एकत्र लढतात, तेथे तीन भूमिकांची वाटणी रूढ झालेली आहे : शत्रूचे आघात स्वतःवर ओढून घेणारा ‘टँक’, शत्रूला इजा पोहोचवणारे ‘डीपीएस’ आणि सोबत्यांच्या जखमा भरून काढणारा ‘हीलर’. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीच्या ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या गेममध्ये, जो २०१३ साली नव्या रूपात खेळाडूंपुढे आला, चार जणांच्या तुकडीत एक टँक, एक हीलर आणि दोन डीपीएस असतात, तर आठ जणांच्या तुकडीत हीच संख्या दुप्पट होते. सोबत्यांचा एचपी, म्हणजे उरलेल्या प्राणशक्तीचा आकडा, पूर्ण असताना हीलरने शत्रूवर प्रहार करावेत की पुढच्या जखमेची वाट पाहत उभे राहावे, या प्रश्नावर तेथील खेळाडूंत दीर्घकाळ वाद झालेला आहे. आणि तो वरवर खेळातील कौशल्याचा वाटला, तरी मुळात कर्तव्य केव्हा उत्पन्न होते आणि केव्हा संपते याविषयीचा आहे.

प्रहार करू नये असे म्हणणाऱ्यांना पहिला आधार वैद्याच्या अहिंसेत सापडतो, पण तो टिकत नाही. १९४९च्या जिनिव्हा करारांनी युद्धातील वैद्यकीय सेवकांना जे संरक्षण दिले, ते त्यांनी शत्रूला अपाय करणारे कृत्य न करण्याच्या अटीवर दिले आणि शस्त्राची मुभा स्वतःच्या व रुग्णांच्या बचावापुरती ठेवली. या नियमामागे वैद्य हा युद्धाच्या बाहेरचा माणूस आहे ही धारणा आहे. गेममधील हीलर मात्र तुकडीचा पूर्ण सदस्य असतो, राक्षस त्यालाही सोडत नाही, आणि विजयाचा वाटा त्यालाही इतरांइतकाच मिळतो. शिवाय मारला गेलेला राक्षस पुढच्या तुकडीसाठी पुन्हा ताजातवाना उभा राहत असल्याने येथे हिंसा हा शब्द वापरणे हेच थोडे अतिशयोक्तीचे आहे.

दुसरा आधार स्वधर्माचा, म्हणजे ज्याने त्याने आपले नेमलेले काम करावे या तत्त्वाचा आहे, आणि तो अधिक विचारार्ह आहे. त्याची परीक्षा करताना मीमांसेने, म्हणजे वैदिक कर्मांचा विचार करणाऱ्या दर्शनाने, केलेला एक भेद उपयोगी पडतो. रोजच्या संध्येप्रमाणे जे कर्म नियमाने करावयाचे असते ते ‘नित्य’, आणि ग्रहणाच्या स्नानाप्रमाणे जे विशिष्ट प्रसंग आल्यावरच करावयाचे असते ते ‘नैमित्तिक’. उपचार हे स्वभावतःच नैमित्तिक कर्म आहे, कारण जखम हे त्याचे निमित्त आहे. एचपी पूर्ण असलेल्या सोबत्यावर केलेला उपचार, ज्याला खेळाडू ‘ओव्हरहील’ म्हणतात, ग्रहण नसताना केलेल्या ग्रहणस्नानासारखा निष्फळ ठरतो. या गेममध्ये साधारण अडीच सेकंदांना एक मंत्र टाकता येतो आणि जखमा त्या गतीने होत नाहीत, म्हणून हीलरच्या हाती बराच मोकळा वेळ उरतो. त्या वेळात त्याचा स्वधर्म कोणता, याचे उत्तर ‘उपचार’ या शब्दातून निघत नाही. तुकडीत येताना त्याने जो समान संकल्प स्वीकारला, म्हणजे शत्रूचा पराभव, त्यातून ते काढावे लागते.

तरीही प्रहार न करता थांबण्याच्या बाजूने एक प्रबळ दृष्टान्त आहे आणि तो या वादात कोणी पुढे केला नाही तरी करण्याजोगा आहे. मोठ्या श्रौत यज्ञात होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा असे चार प्रमुख ऋत्विज असतात. पहिले तिघे अनुक्रमे ऋचा म्हणतात, आहुतीची प्रत्यक्ष क्रिया करतात आणि साम गातात. ब्रह्मा मात्र बहुतांश वेळ गप्प बसून सारे पाहतो आणि चूक झाल्यास प्रायश्चित्ताने ती भरून काढतो. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात चूक कोणत्या वेदाच्या कर्मात झाली यावरून प्रायश्चित्ताची आहुती कोणत्या अग्नीत द्यावी हे सांगितले आहे आणि जाणत्या ब्रह्म्याला यज्ञाचा वैद्य ठरवले आहे. तेथेच असेही म्हटले आहे की ब्रह्म्याने ठरावीक काळात मौन मोडले तर यज्ञ एका चाकाच्या रथासारखा कोलमडतो. यज्ञातला हा हीलर आपल्या रिकाम्या वेळात ऋचा म्हणू लागत नाही, आणि त्याला कोणी आळशी म्हणत नाही, कारण त्याचे लक्ष हेच त्याचे कर्म मानलेले आहे.

हा दृष्टान्त गेमला किती लागू पडतो हे चूक कोठून येते यावर अवलंबून आहे. यज्ञातील चूक आगाऊ कळत नाही, म्हणून ब्रह्म्याचे लक्ष कधीच मोकळे होऊ शकत नाही. या गेममधील मोठे शत्रू मात्र बहुधा ठरलेल्या क्रमाने ठरलेले आघात करतात, त्यामुळे सराव झालेल्या हीलरला पुढची मोठी जखम केव्हा आणि कोणाला होणार हे आधीच ठाऊक असते. अशा जाणत्याचे गप्प बसणे हे लक्ष देणे राहत नाही, तो नुसता थांबलेला असतो. त्यातच कठीण लढायांत ‘एनरेज’ नावाची कालमर्यादा असते, म्हणजे ठरलेल्या अवधीत शत्रू पडला नाही तर तो साऱ्या तुकडीचा एका फटक्यात नाश करतो. तेथे प्रहार न करणारा हीलर शेवटी कोणालाच वाचवत नाही. उलट नवख्याला प्रत्येक आघात अनपेक्षित असतो, आणि त्याच्या बाबतीत ब्रह्म्याचे मौन अक्षरशः लागू पडते.

गेम घडवणाऱ्यांचा कलही या प्रश्नाबाबत बदलत गेलेला दिसतो. आरंभी ‘क्लेरिक स्टान्स’ नावाची एक अवस्था होती, जी स्वीकारल्यावर हीलरचे प्रहार तीव्र होत आणि उपचार दुबळे पडत, म्हणजे दोन धर्मांतील ओढाताण खेळाच्या यंत्रणेतच बसवलेली होती. चुकीच्या क्षणी त्या अवस्थेत अडकलेल्या हीलरमुळे सोबती मरत. २०१७ साली ही ओढाताण काढली गेली आणि २०१९ साली ते नावही गेले. २०२१ साली आलेला ‘सेज’ हा हीलर तर शत्रूवर मंत्र टाकतानाच निवडलेल्या सोबत्याची जखम भरतो, आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या गेममध्ये ‘डिसिप्लिन प्रीस्ट’ या हीलरला अशी सोय २०१० सालीच मिळाली. अशा रचनेने प्रश्न सुटला असे म्हणण्यापेक्षा तो विचारण्याची गरज टाळली गेली असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

प्रहार करणे हे कर्तव्य मानले, तर ते कोणाचे, हा भाग उरतो, आणि वादातला कडवटपणा याच ठिकाणी उत्पन्न होतो. अनोळखी सोबत्याने प्रहारांची मागणी केली की अनेक हीलर आपली मासिक वर्गणी तो भरत नाही असे सुनावतात. या उत्तरात उद्धटपणा असला तरी खेळ म्हणजे नोकरी नव्हे हा मुद्दा खरा आहे. मीमांसेत कर्माचा ‘अधिकार’, म्हणजे ते कर्म कोणाला लागू होते, हे फलाची इच्छा, सामर्थ्य आणि ज्ञान यांवरून ठरवतात. हीच कसोटी येथे लावली, तर लढाईचा क्रम ज्याला ठाऊक आहे, ज्याचे हात दोन्ही कामे पेलतात आणि जो विजयाच्या इच्छेने तुकडीत आला आहे, त्या हीलरने मोकळ्या क्षणी प्रहार न करणे ही कसूर आहे. ज्याच्यापाशी यांतील ज्ञान किंवा सामर्थ्य अजून आलेले नाही, त्याला हे कर्तव्य लागू होत नाही, आणि त्याच्याकडे त्याची मागणी करणारा सोबतीच चुकतो.