वेदीपर्यंत पोहोचलेली मराठी

पाद्र्याने लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलावे, याबद्दल आज कुणी वाद घालणार नाही. सोळाव्या शतकात मात्र त्यावरून युरोप दुभंगला होता. मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, फक्त लोकभाषेतच व्हायला हवी असे म्हणणाऱ्यांना १५६२ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने दोषी ठरवले आणि कॅथलिक वेदीवर लॅटिनचे आसन पक्के केले.

त्यानंतर सतरा वर्षांनी, ऑक्टोबर १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले. जन्माने इंग्रज. मायदेशात कॅथलिकांवर कठीण काळ आलेला, म्हणून रोमला जाऊन जेझुइट झालेले. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी गोव्यात, त्यातही बहुतेक काळ साष्टीत काढली. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी १५८३ साली भावाला पत्रातून कळवले. त्या काळच्या युरोपीय विद्वानाकडून याहून मोठी दाद मिळणे अवघडच होते.

साष्टीत तेव्हा देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काही द्या, असे एक ब्राह्मण पाद्र्याला सांगतो, असा प्रसंग स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त सुरुवातीलाच येतो. या मागणीला स्टीफन्स यांनी दिलेले उत्तर म्हणजे अकरा हजारांच्या घरातल्या मराठी ओव्या. बायबलची कथा संतकवींच्या वळणाने सांगणारा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. ते तयार व्हावेत अशी इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ सालीच रोमला कळवली होती. ती पुरी झाली नाही.

‘क्रिस्तपुराणा’तली मराठीची स्तुती आपण कौतुकाने सांगतो. मात्र ज्या पोकळीत हे पुराण जन्मले, ती स्टीफन्स यांच्याच धर्मसत्तेने केलेली होती, हे सांगताना आपला आवाज जरा खाली येतो. शिवाय चर्चमध्ये ओव्या घुमल्या तरी मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. भाषा दारातून आत आली, पण वेदीची पायरी चढली नाही. १६८४ मध्ये तर गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषा सोडण्यासाठी लोकांना तीन वर्षांची मुदत दिली.

प्रोटेस्टंट पाद्र्यांना लॅटिनची अडचण नव्हती. विल्यम केरी यांनी बंगालमध्ये बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीने, मराठीचे व्याकरण १८०५ साली छापले. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरात ‘ज्ञानोदय’ सुरू केले. काम मोठे होते, पण इथे भाषा हे मुख्यतः प्रचाराचे साधन होते. चर्चची बैठक, गाण्यांच्या चाली, कारभार यांवर साहेबी छाप राहिली.

हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांना सलत होते. कोकणस्थ ब्राह्मण घरातला हा कवी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला, पण तुकोबांना त्याने सोडले नाही. उलट तुकारामांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथेला मराठी वेश दिला, टिळकांना ख्रिस्ती भक्तीच मराठी मातीतून उगवायला हवी होती. म्हणून अभंग, भजन, कीर्तन. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तभक्ताला तिथे जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि त्यातला मोठा भाग लक्ष्मीबाईंचाच आहे. पाद्र्यांच्या चरित्रांत अशा बायकांची नावे सहसा तळटीपेत जातात. लक्ष्मीबाई गेल्या नाहीत, कारण त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली.

कॅथलिक वेदीवर लोकभाषेला रीतसर वाट मिळाली ती थेट १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ठरावाने.

वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे या बदलानंतरच्या पिढीचे धर्मगुरू. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे सांभाळले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि वसईची हिरवाई वाचवण्यासाठी ते रस्त्यावरही उतरले. मराठी त्यांना शिकावी लागली नव्हती. तरी उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा काही संघटनांनी विरोध केला. स्टीफन्स यांना मराठीची थोरवी चर्चला पटवावी लागली होती. चारशे वर्षांनी एका पाद्र्याला आपले मराठीपण मराठी माणसांना पटवावे लागत होते. निवड बदलली नाही. जानेवारी २०२० मध्ये, पाठदुखीने बेजार असतानाही, दिब्रिटो उस्मानाबादला पोहोचले आणि संत गोरोबाकाकांचे नाव दिलेल्या संमेलननगरीत अध्यक्षपदावरून बोलले.