शेकोटीपुढचा मुकुट

एडिंबरोच्या किल्ल्यात एका छोट्या, दगडी खोलीत काचेआड स्कॉटलंडच्या राजांचा मुकुट, राजदंड आणि तलवार ठेवली आहे. मुकुटाला आजचे रूप पाचव्या जेम्सने १५४० मध्ये दिले. राजदंड आणि तलवार त्याच्या वडिलांना, चौथ्या जेम्सला, पोपांकडून भेट आलेली. सोने, मोती, रत्ने पाहताना लोकांची बोलणी थांबतात. माझी नजर मात्र तलवारीवर खिळली. तिचे पाते एकदा मोडलेले आहे. लपवता यावी म्हणून ती मोडावी लागली, असे सांगतात.

सतराव्या शतकात राजेशाही उलथवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने इंग्लंडच्या राजांची जुनी राजचिन्हे मोडीत काढली होती. स्कॉटलंडची त्याच्या हाती पडू नयेत म्हणून ती समुद्रकाठच्या कड्यावर, डनॉटरच्या किल्ल्यात नेली. तिथेही वेढा पडला. १६५२ मध्ये किल्ला शरण आला, पण राजचिन्हे कुठेच सापडली नाहीत. किल्लेदाराची पत्नी एलिझाबेथ डग्लस आणि किनेफ गावच्या धर्मगुरूंची पत्नी क्रिश्चन फ्लेचर यांच्या धाडसामुळे ती वेढ्यातून आधीच बाहेर गेली होती आणि किनेफच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरली गेली होती.

राजचिन्हे पुरून क्रिश्चन आणि तिचा नवरा स्वस्थ बसले नाहीत, हे मला त्या धाडसाइतकेच मोलाचे वाटते. दोघे अधूनमधून रात्री जमीन उकरत, ओल लागू नये म्हणून ती शेकोटीपुढे धरत आणि पुन्हा मातीआड करत. आपल्याकडे पावसाळा सरला की ट्रंकेतल्या कपड्यांना ऊन दाखवतात, तशी ही घरगुती काळजी. फरक एवढाच, की इथे कुणाला सुगावा लागला असता तर जिवावर बेतले असते. १६६० मध्ये राजेशाही परत येईपर्यंत, आठ वर्षे, हे चालले.

पुढे १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या संसदा एक झाल्या. राजचिन्हे एडिंबरोच्या किल्ल्यातच एका पेटीत बंद झाली आणि हळूहळू विस्मरणात गेली. १८१८ मध्ये वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने पेटी उघडली, तेव्हा राजचिन्हे लिननच्या कापडात गुंडाळलेली जशीच्या तशी मिळाली.

एडिंबरोला जाल तेव्हा एक दिवस हाताशी ठेवा आणि किनेफलाही जा. चर्चची इमारत नंतर, १७३८ मध्ये बांधलेली आहे, पण जागा तीच आहे.