पडलेल्याला पाहून आलेले हसू

२०२५ च्या आषाढी वारीत दिवे घाटाच्या चढावर आमच्या दिंडीत एक तरुण चालत होता. मूळचा सातारकडचा, पण नोकरीनिमित्त बारा-तेरा वर्षे न्यूयॉर्कला असतो. रजा काढून वडिलांबरोबर वारीला आला होता. मुलगा मोठा सालस. म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोचकी आपल्या खांद्यावर घेई, कुणाला पाणी आणून देई. घाटाच्या मध्यावर आम्ही घटकाभर टेकलो. त्याने खिशातला मोबाइल काढला, काहीसे वाचले आणि एकदम मोठ्याने हसला.

शेजारी आमच्या दिंडीतल्या सत्तरी उलटलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय रं बाळा, घरची खुशाली आली वाटतं?"

"नाही आजी. तिकडं एका खेळाडूच्या बरगड्या मोडल्या."

आजींनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिले. "मग हसलास कशापायी?"

झाले! पोराचा चेहरा उतरला. पुढे सारा चढ तो आमच्या शेजारून चालला आणि आपली बाजू मांडत राहिला. "बुवा, मी काही त्याला पाडलं नाही. माझ्या हसण्यानं त्याचं हाड काही जास्त मोडत नाही. तो मला ओळखतही नाही. मग यात वाईट ते काय झालं?"

प्रश्न दिसायला सोपा. पण सासवडच्या मुक्कामापर्यंत आमची त्यातून सुटका झाली नाही. म्हणून तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या क्रिकेटात चेंडू टाकणारा हात सरळ ठेवून धावत येतो. बेसबॉलात तो साडेसाठ फुटांवरून, जागच्या जागी उभा राहून, कोपर वाकवून चेंडू फेकतो. त्याला पिचर म्हणतात. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाने जातो आणि असे चेंडू त्याला एका सामन्यात नव्वद-शंभर टाकावे लागतात. मनुष्याचे कोपर या कामासाठी घडलेले नाही. कोपराच्या आतल्या बाजूस एक बळकट बंध असतो, तो ताणून ताणून अखेर फाटतो. पूर्वी बंध फाटला की पिचरचे आयुष्य संपले असे समजत. १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या मनगटाजवळची शिर काढून त्याच्या कोपरात बसविली. तो १९७६ मध्ये मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला! तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले आहे. पण परतायला वर्ष-दीड वर्ष जाते, आणि परतलेला हात पहिल्यासारखा चालेलच असे नाही.

आता ज्याच्या बरगड्या मोडल्या त्याची हकीकत. त्याचे नाव ख्रिस सेल. साडेसहा फूट उंच, काठीसारखा सडपातळ, डावखुरा. तो बोस्टन शहराच्या रेड सॉक्स संघात होता. बोस्टनचे आणि न्यूयॉर्कच्या यांकी संघाचे वैर शंभर वर्षांचे. बेब रूथ नावाचा मोठा खेळाडू बोस्टनने न्यूयॉर्कला विकला, तेव्हापासूनचे. २०१८ मध्ये बोस्टनने यांकींना हरविले आणि पुढे त्या वर्षीचे अजिंक्यपदही मिळविले. शेवटचा गडी सेलनेच बाद केला. म्हणजे न्यूयॉर्ककरांच्या डोळ्यांत हा सलणारच.

मग दैव फिरले. मार्च २०२० मध्ये त्याच्या कोपरावर तीच टॉमी जॉनची शस्त्रक्रिया झाली. ते सारे वर्ष गेले, पुढच्या वर्षाचाही बराचसा भाग गेला. २०२२ मध्ये आधी बरगडीला तडा. त्यातून उठून जुलैत आला तो दुसऱ्याच सामन्यात, आणि तोही न्यूयॉर्कच्याच मैदानावर, यांकीच्या खेळाडूने टोलविलेला चेंडू त्याच्या डाव्या करंगळीवर बसला. ज्या हाताने चेंडू टाकायचा त्याच हाताची करंगळी मोडली. पुढच्याच महिन्यात जेवण आणायला सायकलवरून जाताना उतारावर पडला आणि उजवे मनगट मोडले! आमचा तरुण म्हणाला, "बुवा, त्या दिवशी आमच्या कचेरीत कामच झालं नाही. दिवसभर सायकलीचे विनोद चालले होते. काचेचा माणूस, काचेचा माणूस, असं आम्ही म्हणत होतो."

तर मंडळी, यात वाईट ते काय?

पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्याला हरविणारा माणूस उद्या समोर नाही, असे कळल्यावर मनाला जे हायसे वाटते, त्याला आम्ही दोष देत नाही. ते वाटणारच. आम्हांला तसे वाटत नाही, असे जो म्हणेल त्याच्या सच्चेपणाविषयी आम्हांला शंका येईल. मनात पहिली लाट कोणती उठावी हे कुणाच्या हाती नाही. पण त्या तरुणाच्या हसण्यात नुसते हायसे वाटणे होते काय? नव्हते. त्याचा पुरावा त्यानेच दिला. २०२३ च्या अखेरीस सेलला बोस्टनने अटलांटाच्या संघाकडे देऊन टाकले. म्हणजे २०२५ मध्ये तो बोस्टनचा राहिलाच नव्हता. त्याच्या बरगड्या मोडल्याने न्यूयॉर्कच्या यांकींचा फारसा फायदा होणार नव्हता. तरी हसू आले! लाभ कधीच सरला, पण त्याच्याबरोबर जन्मलेला आनंद मागे राहिला आणि कुणी न बोलावता दिवे घाटात येऊन उभा राहिला. "माझ्या हसण्यानं त्याचं काय बिघडलं?" असे पोरगा विचारतो. त्याचे काहीच बिघडले नाही, हे खरे. पण ज्या घरात हा पाहुणा इतकी वर्षे फुकट जेवतो आहे, त्या घराचे काय?

दुसरी गोष्ट त्या 'काचेचा माणूस' या नावाची. असे नाव दिले की माणसाचे दुखणे त्याचा दोष होऊन बसते. जणू आळशी असावा, उधळ्या असावा, तसा हा मोडका आहे! अहो, तो मोडतो कशाने? ज्या चेंडूला आपण टाळ्या पिटतो, त्याच चेंडूने त्याचे कोपर फाटते. जूनमध्ये बरगड्या मोडल्या त्यासुद्धा सामन्याच्या नवव्या डावात, थकलेल्या अंगाने, चेंडू अडवायला जमिनीवर झेप घेतली म्हणून. अंग राखून खेळला असता तर बरगड्या शाबूत राहत्या आणि मग 'अंगचोर' म्हणून आपणच त्याला नावे ठेविली असती.

सायकलवरून पडला ते मात्र हसण्यासारखे आहे, असे तो तरुण हट्टाने म्हणाला. आम्हीही विचार केला. रणात पडलेल्याला लोक निदान मान देतात. भाकरी आणायला जाताना जो पडतो त्याच्या वाट्याला हसेच येते. पण हाड मोडल्याची कळ दोघांना सारखीच नाही का?

आणखी एक मौज आहे, तीही सांगून टाकतो. पैलतीरावरचे लोक हसले, पण ऐलतीरावरच्यांनी काय केले? २०१९ मध्ये बोस्टनने त्याच्याशी पाच वर्षांचा चौदा कोटी पन्नास लाख डॉलरांचा करार केला होता. २०२० ते २०२२ या तीन हंगामांत मिळून तो अकराच सामन्यांची सुरुवात करू शकला. मग बोस्टनचे लोक हिशेब मांडू लागले, की एका चेंडूला किती डॉलर पडले! बैल खुरकुतला की त्याची किंमत काढावी, तसे. परक्याला तो नको होता, आपल्याला तो धड हवा होता. त्याला दुखते का, हे दोघांनीही पाहिले नाही. अटलांटात गेल्यावर २०२४ मध्ये त्याने अठरा सामने जिंकले, तीनच हरला, आणि त्या वर्षीचा उत्तम पिचरचा मान मिळविला. तेव्हा जे हसले होते ते काय म्हणाले, हे आम्ही त्या तरुणाला विचारले. तो म्हणाला, "गप्प बसलो."

पण आम्हांला खरे नवल वाटते ते निराळेच. प्रतिस्पर्धी जायबंदी झाला तर प्रत्यक्ष लाभ कुणाचा? समोर खेळणाऱ्याचा. त्याचे पोट त्यावर, त्याचे नाव त्यावर. माडीवर बसून पाहणाऱ्याला त्यातून दमडी मिळत नाही. मग आनंद जास्त कुणाला व्हावा? खेळणाऱ्याला. आणि होतो कुणाला? पाहणाऱ्याला!

७ मे १९५७ चा दिवस. क्लीव्हलंड संघात हर्ब स्कोअर नावाचा तेवीस वर्षांचा पिचर होता. त्याच्यासारखा वेग त्या काळी क्वचितच कुणाकडे असेल. समोर यांकी. त्यांच्या गिल मॅकडूगलने चेंडू टोलवला तो सरळ स्कोअरच्या डोळ्यावर. नाकाचे हाड मोडले, डोळा राहतो की जातो अशी अवस्था झाली. यांकींचा केवढा काटा दूर झाला! पण मॅकडूगल काय म्हणाला? याचा डोळा गेला तर मी खेळ सोडीन. सुदैवाने स्कोअरची दृष्टी परत आली, तो पुन्हा खेळलाही. पण पुढच्याच वर्षी कोपर दुखावले आणि तो पूर्वीचा स्कोअर काही राहिला नाही. आता या मॅकडूगलची एक गोष्ट ऐका. त्याच्या दोन वर्षे आधी, १९५५ मध्ये, सराव चालू असता सोबतच्या खेळाडूने टोलविलेला चेंडू त्याच्या कानाजवळ बसला होता आणि त्यापायी पुढे त्याची श्रवणशक्ती हळूहळू गेली. चेंडू हाडावर बसतो म्हणजे काय होते, हे त्याला कुणी सांगावे लागले नाही.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना १९६२ सालची बार्बाडोसची गोष्ट आठवत असेल. भारताचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला, कवटी फुटली, जीव जातो की राहतो असे झाले. रक्त हवे होते. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी दिलेच. पण वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल यानेही आपले रक्त दिले. ज्याला हरवायचे त्याच्याच अंगात आपले रक्त! कॉन्ट्रॅक्टर वाचले. त्या रक्ताची आठवण म्हणून बंगालच्या क्रिकेट संघटनेने पुढे वॉरेलच्या नावाने रक्तदानाचा दिवस सुरू केला.

मैदानातल्याला हे सुचते आणि माडीवरच्याला का सुचत नाही? आम्हांला वाटते, मैदानातल्या दोघांचे अंग एकाच मापाने पणाला लागलेले असते. समोरच्याचे मोडलेले कोपर पाहिले की हा नकळत स्वतःचे कोपर चाचपतो. माडीवरचा मनुष्य मात्र वैर तेवढे उसने घेतो, त्याबरोबरची जोखीम घेत नाही. फुकट मिळालेली वस्तू माणूस जपून वापरीत नाही, तसे हे फुकटचे वैर तो सैल हाताने खर्चतो. सातारचा मुलगा, त्याला बोस्टनने काय केले होते? बेब रूथ विकला गेला तेव्हा याचा पणजोबाही लहान असेल.

हे सारे आम्ही त्या पोराला मोठ्या तोऱ्यात ऐकविले. पण ऐकविता ऐकविता आमचेच एक जुने प्रकरण वर आले, ते सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

आम्ही सोळा-सतरा वर्षांचे असू. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरला होता. शेजारच्या गावचा एक पैलवान होता, त्याने ओळीने दोन वर्षे आमच्या पैलवानाला चीत केले होते. तिसऱ्या वर्षी दोघे पुन्हा भिडले आणि पहिल्याच झटापटीत त्या पाहुण्याचा खांदा निखळला. तो ओरडला. त्या ओरडण्यावर आम्ही नाचलो. फेटे उडविले, गुलाल उधळला. हलगीच्या मागे मिरवणूक निघाली. वाटेत फडाच्या कडेला लिंबाखाली त्यांची बैलगाडी सोडलेली होती. गाडीला टेकून तो बसला होता, हात उचलत नव्हता, त्याचा बाप तांब्या त्याच्या ओठांशी धरून पाणी पाजीत होता. आणि त्याचा निखळलेला खांदा दोन्ही हातांनी तोलून धरून मातीने माखलेला कोण बसला होता म्हणाल? आमचाच पैलवान. मिरवणूक त्याच्या नावाने चालली होती आणि तो तिच्यात नव्हता, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आले नव्हते.

सासवडला रात्री तळावर बसल्यावर हे त्या मुलाला सांगितले. आजीही ऐकत होत्या. मुलाने विचारले, "मग बुवा, तुम्ही त्या गाडीपाशी थांबलात का?"

नाही थांबलो. पुढे हलगी वाजत होती.