मोजलेल्या पाण्यातली कृपा



सत्संगात भेटल्यावर आपण एकमेकांची खुशाली विचारतो, तेव्हा बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: "सगळी त्याची कृपा." हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे, की बोलताना त्याचा अर्थ मनात येतोच असे नाही. प्रवचनांच्या मराठी अनुवादाची सेवा करताना "सब प्रभु की कृपा है" हे वाक्य मीही कितीतरी वेळा सहज मराठीत आणले आहे. गेल्या वर्षी मात्र याच वाक्यावर हात थांबला. त्या महिन्यात माझ्या आजीचे डायलिसिस सुरू झाले होते. घरात सर्वांनी प्रार्थना केली होती, आईने पारायण केले होते, तरी आजीची मूत्रपिंडे सुधारली नाहीत. मग 'सगळी कृपा' लिहायचे, तर 'सगळी' या शब्दात हा आजारही धरायचा का? आणि तो वगळायचा, तर 'सगळी' हा शब्द कसा लिहायचा? तो अनुवाद मी अखेर पाठवला, पण मुदत संपत आली होती म्हणून. प्रश्न तसाच राहिला.

त्यावर पुढे जे थोडे उमगले, ते आजीच्या पाण्यामुळे.

डायलिसिसच्या रुग्णाला मनाला येईल तेवढे पाणी पिता येत नाही. मूत्रपिंडे काम करत नसल्याने प्यायलेले पाणी शरीरात साठते, पाय सुजतात, धाप लागते. आजीला डॉक्टरांनी दिवसाला ७५० मिलिलिटरची मर्यादा घालून दिली आहे. त्यातच सकाळचा चहा, आमटी, ताक आणि गोळ्यांबरोबरचा घोट. आई रोज सकाळी एक बाटली खूण करून भरते. बाहेर जे काही पातळ घेतले जाईल, तेवढे बाटलीतून कमी होते. सत्संगात मिळालेले पळीभर तीर्थसुद्धा आजी हिशेबात धरते. उन्हाळ्यात फार तहान लागली, तर बर्फाचा एक लहान तुकडा जिभेवर ठेवते.

आजीला पाणी पिताना पाहणे हा माझ्यासाठी एक धडाच झाला. ती फुलपात्रात दोन घोटांएवढे पाणी घेते, नाव घेते, एक घोट तोंडात थोडा वेळ ठेवते आणि मगच गिळते. एकदा मी विचारले, "आजी, एवढ्याशा पाण्याने तहान भागते का गं?" ती म्हणाली, "तहान नाही भागत रे. पण पाणी काय असतं ते कळतं. सत्तर वर्षं नुसतीच ढोसत होते."

त्या दिवसापासून माझा स्वतःचा पेला मला दिसू लागला. आम्ही इंदूरला राहतो. आमच्या नळाला येणारे पाणी नर्मदेचे आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापत, विंध्याचा चढ चढवून ते शहरात आणले जाते. आजोबांच्या पिढीला नर्मदास्नानासाठी प्रवास करावा लागत असे, आणि आज तीच नर्मदा आमच्या स्वयंपाकघरात येते. त्यामागे नदी आहे, पाऊस आहे, पंप चालवणारे आणि फुटलेली वाहिनी रात्री-अपरात्री दुरुस्त करणारे हात आहेत. यांतले मी काय कमावले? पाणीपट्टी भरतो, तीही वडील भरतात.

लेखाशास्त्राच्या सुरुवातीच्या धड्यांतच शिकवतात, की जे पैशात मोजता येते तेवढेच वहीत लिहायचे. व्यवसायाच्या हिशेबाला हा नियम योग्यच आहे, पण नकळत आपण आयुष्याची वहीही तशीच लिहितो. परीक्षेचा निकाल, नोकरी, घर, बरा झालेला आजार अशा मोठ्या रकमाच तेवढ्या कृपेच्या खात्यात जमा होतात. नरसी मेहतांची हुंडी द्वारकेत शामळशा शेठने चुकती केल्याची कथा आपल्याला आवडते. आपणही अशाच एखाद्या हुंडीची वाट पाहत बसतो. पण जनाबाईंच्या बाबतीत देव दळायला आला, शेण्या वेचायला आला, असे आपली संतपरंपरा सांगते. जाते रोजचे होते आणि दळणही रोजचे. त्या कामातून जनाबाईंची सुटका झाली नाही, पण त्या कामात त्या एकट्याही राहिल्या नाहीत.

इथे एक शंका मनात येते. मोठे मागणे पूर्ण झाले नाही म्हणून लहान गोष्टींवर समाधान मानणे, ही स्वतःची फसवणूक तर नाही? मला वाटते, आजीने तसे केले असते तर ती फसवणूक ठरली असती. पण पाण्याचा घोट तिने मूत्रपिंडांच्या बदल्यात स्वीकारलेला नाही. ती अजूनही रोज संध्याकाळी दिव्यासमोर म्हणते, "देवा, यातून सोडव." सुई टोचताना तिला दुखते आणि ती तसे सांगतेही. मागणे आणि आभार, दोन्ही तिच्या एकाच प्रार्थनेत असतात. म्हणूनच, दुःखात असलेल्या माणसाला "तुला काय काय मिळाले आहे ते बघ" असे आपण सांगू नये. लहान कृपा ज्याची त्याने पाहायची असते. दुसऱ्याने बोट दाखवून मोजायला लावली, की तिचा उपदेश होतो आणि तो बोचतो.

दुसरी शंका याहून कठीण आहे. मला मिळाले ती कृपा, तर ज्याला मिळाले नाही त्याच्यावर देवाची अवकृपा आहे का?

डायलिसिस केंद्रात आजीच्या शेजारच्या खाटेवर एक काका असतात. ते खरगोनकडच्या एका खेड्यातून येतात, म्हणजे आमचे पाणी ज्या भागातून येते त्याच भागातून. पहाटेची बस पकडायची, चार तास यंत्राला जोडून राहायचे आणि थकलेल्या शरीराने परत जायचे, असे आठवड्यातून दोनदा. एकदा आजी म्हणाली, "आपलं घर केंद्रापासून जवळ आहे, ही देवाची कृपाच." मी चिडून म्हणालो, "मग त्या काकांचं घर लांब आहे, ते कोणामुळे?" आजी गप्प राहिली. मला वाटले, माझा मुद्दा तिला पटला. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "आपलं घर जवळ आहे ना? मग मला सोडलंस की काकांना बस स्टँडवर नेऊन सोड. आणि आईला सांग, दोन पोळ्या जास्त कर."

माझी परीक्षा तोंडावर होती. खरे सांगायचे तर मला ते आवडले नाही. पहिले दोन-तीन आठवडे मी कपाळाला आठ्या घालूनच स्कूटर काढत होतो. पण माझ्या प्रश्नाचे उत्तर आजीने त्या दोन पोळ्यांत दिले होते, हे हळूहळू लक्षात आले. घर जवळ असणे ही कृपा आहे असे ती म्हणाली, तेव्हा देवाने आपल्याला निवडले असा तिचा अर्थ नव्हता. आपल्याकडे जे न कमावता आले आहे, ते आपल्यापाशीच थांबण्यासाठी आलेले नाही, हे तिला ठाऊक होते.

एकनाथ महाराजांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. काशीहून कावडीत आणलेली गंगा रामेश्वराला वाहायची होती, आणि वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले. नाथांनी ती गंगा त्याच्या मुखात घातली. हे पाणी किती मोलाचे आहे, हे कावड खांद्यावर घेऊन चालणाऱ्या नाथांइतके कोणाला माहीत असणार? म्हणूनच ते देण्याला अर्थ आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही, मिळालेले परत न देता एकट्याने भोगणाऱ्याला भगवंत चोर ठरवतात. कृपा ओळखल्यानंतर ती अडवून ठेवली, तर तीही चोरीच म्हणावी लागेल.

'प्रसाद' या आपल्या आवडत्या शब्दाचा संस्कृतात निर्मळपणा असाही अर्थ आहे. गढूळ पाणी निवळले, की त्या पाण्याला 'प्रसन्न' म्हणतात. लहान गोष्टींकडे लक्ष देऊन माझी परिस्थिती बदलली नाही, आजीची तर नाहीच. मन मात्र थोडे निवळले. आजार ही कृपा आहे, असे मी आजही कोणाला सांगणार नाही. आजारातही कृपेचा झरा आटत नाही, एवढे मात्र मी रोज घरात पाहतो.

म्हणून साधकांना एक नम्र विनंती. दिवसातला एक पेला पाणी तरी आजीसारखे प्यावे. थांबून, नाव घेऊन, ते कुठून आले हे आठवून. आणि त्या दिवशी आपल्याला न कमावता मिळालेली एक तरी गोष्ट दुसऱ्या कोणापर्यंत पोहोचवावी.

आपल्या ओंजळीत आलेले आपल्याला ओळखता यावे आणि ओंजळ वेळेवर उघडता यावी, हीच प्रभुचरणी प्रार्थना.